तिच्या अंगावरचं ग्लासगो

(दृश्य: लालसर दगडी इमारतींची रांग. ओला रस्ता. सकाळ.)

ग्लासगोत छत्री घेऊन निघालेली मुलगी दिसली, तर ती बहुधा बाहेरगावची असते. इथला पाऊस वरून पडतो तसा आडवाही येतो आणि वारा छत्री उलटी करून हातात देतो. म्हणून इथल्या पोरी टोपीचं जॅकेट चढवतात, आत लोकरीचा स्वेटर, पायात जाड तळाचे बूट, आणि निघतात. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारला मावळायला टेकतो. जूनमध्ये मात्र रात्री दहालाही आभाळात उजेड असतो. स्कॉटलंडमधल्या तरुणीचं राहणं, खाणं, नटणं समजून घ्यायचं तर सुरुवात या हवेपासूनच करायला हवी.

आज आपण जिच्यासोबत फिरणार आहोत, ती 21 वर्षांची आहे. विद्यापीठात शिकते आणि उरलेल्या वेळात एका कॅफेत काम करते. स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या मुलांना इथल्या विद्यापीठात पहिल्या पदवीसाठी शिकवणीची फी पडत नाही. 2022 च्या जानेवारीपासून 22 वर्षांखालच्या सगळ्यांना बसप्रवासही मोफत झाला. तरी घरभाडं असतंच, आणि महिनाअखेर तिलाही हात आखडता घ्यावा लागतो. तिच्या कपाटात नवीन कपडे फार थोडे आहेत. जे जुने आहेत, त्यांची गोष्ट आपण ऐकणार आहोत.

ती दोन मैत्रिणींबरोबर टेनेमेंटमध्ये राहते. तीन-चार मजल्यांची दगडी इमारत, एकच सामाईक जिना, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं. गिरगावातली चाळ डोळ्यांसमोर आणा, फक्त गॅलरी काढून टाका. जिन्याला इथे ‘क्लोज’ म्हणतात. चांगल्या क्लोजच्या भिंतींवर छातीपर्यंत हिरव्या-तपकिरी, गुळगुळीत टाइल्स असतात. पूर्वी जिना धुण्याची पाळी ठरलेली असे. ज्या घराची पाळी, त्या दारावर तसं लिहिलेलं कार्ड अडकवलं जाई, आणि ते टाळण्याची कुणाची छाती होत नसे.

अशाच एका घराचं आज संग्रहालय झालंय. बक्लू स्ट्रीटवर, 145 नंबरला. तिथे ॲग्नेस टॉवर्ड नावाची लघुलेखक-टंकलेखक बाई 1911 ते 1965 अशी राहिली. चार खोल्यांचं साधं घर. स्वयंपाकघरात कोळशाची काळी शेगडी, भिंतीतल्या कोनाड्यात बिछाना, वर गॅसचे दिवे. या बाईने सहसा काही टाकलं नाही. बिलं, पत्रं, औषधांच्या पुड्या, 1929 साली घरी केलेल्या जॅमची बरणीसुद्धा. राजवाडे आणि किल्ले सगळे देश जपतात. नोकरी करणाऱ्या एका साध्या बाईचं स्वयंपाकघर इतक्या निगुतीने जपावंसं एखाद्या शहराला वाटतं, याचं मला फार मोल वाटतं.

(दृश्य: भुयारी रेल्वेचा छोटासा डबा. फलाटावर गर्दी.)

ग्लासगोची भुयारी रेल्वे 1896 च्या डिसेंबरात सुरू झाली. लंडन आणि बुडापेस्टनंतर जगातली तिसरी. पंधरा स्टेशनं, एकच वर्तुळ. चुकीच्या दिशेने बसलात तरी गाडी फिरून तुमच्या स्टेशनावर आणून सोडते. डबे इतके ठेंगणे की उंच माणसाला दारातून मान वाकवूनच आत यावं लागतं.

गोव्हन स्टेशनाबाहेर आली की ती एका पुतळ्यापाशी हमखास थांबते. मेरी बार्बर. पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामासाठी माणसं ग्लासगोत लोटली आणि घरमालकांनी भाडी वाढवली. पुरुष युद्धावर किंवा गोदीत. 1915 साली मेरीच्या पुढाकाराने गोव्हनच्या बायकांनी वाढीव भाडं द्यायचं नाही असं ठरवलं. जप्तीचा माणूस गल्लीत शिरला की घंटा वाजायची, आणि हातातलं काम टाकून बायका जिन्यात उतरायच्या. त्याच्या अंगावर पिठाचा मारा व्हायचा. त्याच वर्षी डिसेंबरात सरकारला भाडी गोठवणारा कायदा करावा लागला. पुतळा 2018 मध्ये उभा राहिला. मेरी एकटी नाही त्यात. तिच्यामागे बायका, पोरं, कामगार, सगळी आळी चाललीय.

तो हिसका अजून जिवंत आहे. 2020 च्या नोव्हेंबरात स्कॉटिश संसदेने एकमताने कायदा केला, की मासिक पाळीची साधनं ज्याला लागतील त्याला मोफत मिळाली पाहिजेत. असं करणारा स्कॉटलंड जगातला पहिला देश. आमच्या मैत्रिणीच्या कॉलेजात स्वच्छतागृहाच्या फडताळावर पॅड ठेवलेले असतात. ती लागतील तेवढे उचलते आणि वर्गात जाते. कागदात गुंडाळणं नाही, ओशाळणं नाही.

(दृश्य: चॅरिटी शॉप. हँगर सरकवणारे हात.)

आता कपडे. ग्लासगोत बायर्स रोडवर आणि आसपास चॅरिटी शॉपांची रेलचेल आहे. लोकांनी दान केलेले कपडे, पुस्तकं, कपबश्या इथे विकल्या जातात आणि नफा संस्थेच्या कामाला जातो. शनिवार-रविवारी पूर्वेकडे बॅराज नावाचा जुना बाजार भरतो, तिथे घासाघीसही चालते. आमची मैत्रीण कपडा आधी हाताने पारखते, रंग-फॅशन मागाहून. मग आतली शिवण उलटून बघते आणि लेबल वाचते.

तिच्याकडे हॅरिस ट्वीड या जाड लोकरी कापडाचं एक जाकीट आहे, मूळ कुणातरी आजोबांचं असावं. लांबून तपकिरी वाटतं. कॅमेरा जवळ न्या. त्यात गंजाचा तांबूस आहे, शेवाळी आहे, मोरपिशी ठिपका आहे, कुठे चक्क जांभळा. लोकर आधी रंगवतात, मग वेगवेगळे रंग एकत्र पिंजून सूत काततात, म्हणून एकेका धाग्यात इतके रंग सापडतात. आतल्या लेबलवर गोलावर क्रूस अशी खूण. ही खूण लावायची तर 1993 च्या कायद्याप्रमाणे लोकर स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि कापड तिथल्या विणकराने स्वतःच्या घरी, हातापायाने चालवलेल्या मागावर विणलेलं हवं. माग घरात, कारखान्यात नाही. अशी अट कायद्यात घालणारे लोक मला आवडतात.

पण तिचा सगळ्यात लाडका कपडा आहे आजीचा स्वेटर. फेअर आइल विणीचा. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड आणि ऑर्कनी या बेटसमूहांच्या मधलं हे बेट, वस्ती शंभर माणसांचीही नाही, आणि त्याच्या नावाची वीण जगभर पोचलेली. स्वेटरवर रंगांची नुसती उधळण दिसते, पण एका ओळीत रंग दोनच असतात. पुढच्या ओळीला जोडी बदलायची. ती स्वेटर उलटा करून दाखवते. ज्या रंगाची त्या क्षणी गरज नाही, तो धागा मागून सैल सोडत नेलाय. त्यामुळे कापड दुपदरी होतं आणि उत्तर समुद्राचा वारा आत येत नाही. धागा जास्त ओढला तर कापड चुण्या धरतं, सैल पडला तर घालताना बोटं अडकतात. कोपरावर एक ठिगळ आहे. रंग जरा वेगळा, मुद्दामच. रफू लपवायचं नाही, असं तिच्या पिढीने ठरवलंय.

1922 साली प्रिन्स ऑफ वेल्सने असा स्वेटर गोल्फ खेळताना घातला आणि रातोरात तो फॅशन झाला. विणणाऱ्या बायकांचं काय? त्यांच्याविषयी अधिक बोललं पाहिजे. शेटलंडच्या बायका पाठीवर पीटची, म्हणजे जळणासाठी वाळवलेल्या दलदलीच्या मातीची, टोपली घेऊन चालता चालता विणायच्या. कमरेला भोकं पाडलेला चामड्याचा पट्टा, एका सुईचं टोक त्यात खोचायचं, म्हणजे हात मोकळा. एकोणिसाव्या शतकात व्यापारी त्यांना रोख पैसे न देता चहा, कापड असा माल द्यायचे, आणि त्याचा भावही तेच ठरवायचे. पीठ आणायला निघालेली बाई चहाची पुडी घेऊन परतायची. या व्यवहाराची सरकारी चौकशी व्हायला 1872 साल उजाडलं. आमची मैत्रीण हे सांगताना चिडते. तिनं चिडावंच.

ग्लासगोपासून पश्चिमेला थोड्याच अंतरावर पेझ्ली हे गाव आहे. इथे आपल्याकडच्या बाईलाही ओळखीचं काही भेटतं. कोयरी. पैठणीच्या पदरावरची, मेंदीतली, हळदीकुंकवाच्या तबकातली तीच कोयरी. काश्मिरी शाली अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये पोचल्या आणि त्यांची किंमत भल्याभल्यांना परवडेना. मग पेझ्लीच्या मागांवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तशा शाली निघू लागल्या, इतक्या की आज पाश्चात्त्य जग काश्मिरी नक्षीला पेझ्लीच्या नावाने ओळखतं. काश्मीरच्या कारागिराचं नाव त्यात बुडालं, हे खरं. पण पेझ्लीच्या विणकरालाही कुणी सुखाने जगू दिलं नाही. शालीतले रंगीत धागे बांधून ठेवायला एक बारीक धागा लागे. तो नक्षीत दिसत नसे, म्हणून मालक त्याची मजुरी देत नसत. तो धागा टाकला नाही तर शाल उसवणार! विणकर लढले आणि 1856 मध्ये जिंकले. आजही जुलैच्या पहिल्या शनिवारी पेझ्लीत ढोल वाजवत त्या धाग्याची मिरवणूक निघते. 1870 च्या दशकात मागून फुगवलेल्या झग्यांची फॅशन आली, त्यावर शाल नीट बसेना, आणि धंदा बसला.

आमच्या मैत्रिणीच्या गळ्यात कोयऱ्यांचा रुमाल असतो.

(दृश्य: संध्याकाळ. जिन्यावरून उतरणाऱ्या मुली. टार्टनचे पट्टे.)

टार्टन, म्हणजे रंगीत चौकड्यांचं लोकरी कापड, त्याविषयी थोडक्यात. कलोडनच्या लढाईत सरकारी फौजेने बंडखोरांना हरवलं, त्यानंतर 1746 मध्ये कायदा झाला आणि डोंगराळ भागाचा पारंपरिक पोशाख घालायला बंदी आली. कायद्याची भाषा पुरुष आणि मुलग्यांपुरती होती, बायकांच्या कपड्यांचं नावच नव्हतं. 1782 मध्ये बंदी उठली. आज ज्याला आपण अमुक घराण्याचं टार्टन म्हणतो, त्यातले बरेच नमुने एकोणिसाव्या शतकात पक्के झाले. आता टार्टनची सरकारी नोंदवही आहे आणि नवीन नमुना रचून कुणीही नोंदवू शकतं. किल्ट, म्हणजे टार्टनचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, पुरुषांचा, हा दंडकही सैल झालाय. मुली आखूड किल्ट घालतात, खाली बूट, वर साधा काळा टीशर्ट. कुणी खांद्यावरून फक्त पट्टा घेते.

आज रात्री ‘केली’ आहे, म्हणजे सामुदायिक नाच. ॲकॉर्डियन, फिडल, ढोल. नाचाचे प्रकार इथे वाढलेल्या बहुतेकांना येतात, कारण थंडीत शाळेच्या व्यायामाच्या तासालाच ते शिकवतात. तेरा-चौदा वर्षांच्या वयात समोरच्या मुलाचा घामट हात धरायची लाज वाटते, आणि विशीत तोच नाच हवाहवासा होतो. ‘स्ट्रिप द विलो’ बघा. समोरासमोर दोन लांब रांगा. एक जोडी टोकापासून सुरू करते. मुलगी समोरच्या रांगेतल्या पहिल्याच्या हाताला धरून गरकन फिरते, परत जोडीदाराकडे, पुन्हा पुढच्याकडे, असं शेवटापर्यंत. कोपर घट्ट धरलं नाही तर माणूस भिरकावला जातो. इथे साठीचे काका आहेत, नवखे परदेशी विद्यार्थी आहेत, एक मराठी मुलगीही आहे, फुगडीची सवय तिला इथे उपयोगी पडतेय. चुकलेल्याला कुणी हसत नाही, दंडाला धरून योग्य दिशेला वळवतात. सपाट बुटांचं महत्त्व आता कळतं.

मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यांना कडाडून भूक लागते. कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानात रांग आहे. ग्लासगोत बटाट्याच्या चिप्सवर मीठ आणि व्हिनेगर, एडिंबऱ्यात मीठ आणि तपकिरी सॉस, आणि यावरून दोन्ही गावांत वाद आहे. काचेमागे हॅगिस पकोडेही आहेत. मेंढीच्या काळजा-फुफ्फुसाचं ओटमील घातलेलं सारण, वर बेसनाचं आवरण, दक्षिण आशियातून इथे येऊन राहिलेल्या कुटुंबांनी शहराला दिलेली चव. आमची मैत्रीण दोन्ही मागवते, सोबत आयर्न-ब्रू या शीतपेयाची नारिंगी बाटली. एडिंबऱ्याहून आलेली मैत्रीण सॉस मागते. दुकानदार मान हलवतो आणि व्हिनेगरची बाटली पुढे करतो.