कागदाला भोक पडलं तेव्हा

बोलायला लागण्याआधी एक काम उरकून घेतो. हा मुदत संपलेला ब्रोमाइड पेपर, म्हणजे फोटो छापायचा, प्रकाश पडला की रंग बदलणारा कागद. त्यावर हे पान ठेवतो, वरून काच दाबतो आणि सगळं त्या उन्हाच्या खिडकीत ठेवतो. व्याख्यान संपेपर्यंत कुणी हात लावू नका.

समकालीन कलात्मक छायाचित्रणात अगदी पुढचं, अगदी धारेवरचं काम कोणतं, असं विचारलं की लोक लगेच यंत्रांकडे वळतात. ड्रोन, मेगापिक्सेल, आता एआय. मला हे मुळातच पटत नाही. यंत्र दोन-तीन वर्षांत जुनं होतं. ज्या कामामुळे ‘फोटो म्हणजे काय’ याचं आपलं उत्तर बदलावं लागतं ते काम पुढचं. मग ते पणजोबांच्या काळातल्या रसायनांनी का केलेलं असेना! याचे निकष आज मांडायचे ठरले आहेत, ते मांडतोच. पण आधी माझी आवडती गोष्ट ऐका.

अमेरिकन छायाचित्रकार ख्रिस मक्कॉ 2003 मध्ये कॅम्पिंगला गेला होता. रात्रभर शटर उघडं ठेवून ताऱ्यांच्या रेषा टिपायच्या आणि उजाडायच्या आत उठून ते बंद करायचं, असा बेत. रात्री व्हिस्की झाली आणि पहाटे जाग आलीच नाही. सूर्य उगवला तो थेट लेन्ससमोर. लहानपणी भिंगाने कागद जाळायचा उद्योग आपण सगळ्यांनीच केलाय. लेन्स म्हणजे शेवटी तेच भिंग. रात्रभर जमवलेले तारे सगळे गेले, आणि फिल्मवर सूर्याने प्रत्यक्ष भाजल्याची खूण राहिली.

आता सांगा, इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी ती फिल्म ठेवली असती? खरं सांगा, हात वर करा. चार. बरं, पाच. त्याने ठेवली, आणि त्याच चुकीच्या मागे लागला. मोठमोठे कॅमेरे स्वतः बांधले. फिल्मच्या जागी जुना ब्रोमाइड पेपर सरळ कॅमेऱ्यातच घातला आणि तासन्‌तास एक्स्पोजर दिलं. एवढा प्रकाश पडला की कागदावर छटा उलटतात, सोलरायझेशन होतं, आणि जो निगेटिव्ह व्हायचा तोच पॉझिटिव्हसारखा दिसू लागतो. आणि सूर्य आकाशात जसा सरकतो तशी कागदावर जळकी रेघ उमटत जाते. काही ठिकाणी तर आरपार भोक.

अशा चित्रासमोर जवळ जाऊन उभे राहा. जळालेल्या चिरेच्या कडा तपकिरी झालेल्या असतात, जराशा उचललेल्या. तिथे सूर्याचं चित्र नसतं. सूर्य तिथे येऊन गेलेला असतो. दुसरी प्रत निघणार नाही. छायाचित्र म्हणजे हव्या तेवढ्या प्रती, हे आपण शिकलो होतो ना? इथे तेच संपतं.

यावरून माझी तक्रार आठवली, आणि ती मला आज बोलून दाखवायचीच आहे. एका स्पर्धेला मी सायनोटाइप, म्हणजे लेप दिलेल्या कागदावर उन्हात काढलेलं निळं छायाचित्र, पाठवला होता. अर्जात कॅमेरा, लेन्स, शटर स्पीड, सगळे रकाने सक्तीचे. मी लिहिलं: कॅमेरा नाही, सूर्यप्रकाश, बारा मिनिटं. उत्तर आलं, कॅमेऱ्याशिवाय केलेलं चित्र छायाचित्र मानता येत नाही. अहो, ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने 1843 मध्ये समुद्रशेवाळं कागदावर ठेवून सायनोटाइप काढायला घेतले आणि त्यांचं पुस्तक केलं! छायाचित्रांनी सजलेलं पहिलं पुस्तक म्हणून आज जग त्याचा मान राखतं, आणि हा अर्ज त्या बाईंनाही बाहेर काढतो. मला राग आला तो माझं चित्र नाकारलं म्हणून नाही. प्रकाशाने कागदावर खूण करणं हा या कलेचा गाभा आहे, आणि तो मोजायला त्या अर्जात रकानाच नव्हता.

सायनोटाइप कधी केला नसेल तर करून बघा. पिवळट हिरवा लेप दिलेला कागद उन्हात हळूहळू काळवंडतो, मग राखाडी होतो. बिघडला असं वाटतं. मग तो पाण्यात धरायचा; पिवळं पाणी निथळत जातं आणि खालून निळा वर येतो. कितीही वेळा केलं तरी त्या क्षणाला माझा श्वास अडकतो.

संयोजक घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? मग निकष भराभर सांगतो.

पहिली गोष्ट, वस्तू. मेगन रीपेनहॉफ सायनोटाइपचा कागद समुद्राच्या लाटांत धरते. मॅथ्यू ब्रँट ज्या तलावाचा फोटो, त्याच तलावाच्या पाण्यात तो प्रिंट भिजवत ठेवतो. विषय आणि चित्र यांच्यातलं अंतरच मिटतं. अ‍ॅलिसन रॉसिटर मुदत संपलेले जुने फोटो-पेपर चित्र न घेता नुसते रसायनात डेव्हलप करते आणि कागदाचं वय दिसू लागतं.

दुसरी, पडदा. टोमास रूफने इंटरनेटवरची चित्रं इतकी मोठी केली की जेपेग या चित्र-फाइलमधले चौकोनच चित्र झाले. जॉन रॅफमन 2008 पासून गूगल स्ट्रीट व्ह्यूमधले क्षण निवडतोय. शटर त्याने दाबलेलंच नाही, नजर मात्र त्याची. हे मी पूर्णपणे छायाचित्रण मानतो, वाद घालायचा तर नंतर घालू.

तिसरी, एआय. 2023 मध्ये जर्मन छायाचित्रकार बोरिस एल्डाग्सेनने एआयने केलेल्या चित्राला मिळालेलं सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समधलं पारितोषिक नाकारलं. हे छायाचित्रण नाही, असं तो स्वतःच म्हणाला. माझ्या मते त्या चित्रापेक्षा तो नकार जास्त पुढचा होता. त्या चित्रासाठी कुठल्याच वस्तूवरून प्रकाश निघून कशावर पडला नव्हता. त्याला वेगळं नाव द्या, वेगळी स्पर्धा द्या, माझी काहीच हरकत नाही.

झालं. आता खिडकीतला कागद आणतो. हे बघा, भोवती जांभळट तपकिरी, आणि पान होतं तिथे फिकट गुलाबी, शिरासुद्धा आल्यात. चित्र उमटवणारा डेव्हलपर नाही, ते टिकवणारा फिक्सर नाही. म्हणजे याच दिव्यांखाली ते आता पुसत जाणार. मागच्यांनी आधी या, रांगेत या, आणि फोनचा फ्लॅश मारू नका.