पडतं वर्ष आणि घराचं कर्ज

(बडोद्यात गणेशोत्सवातल्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, गणपतीच्या दिवसांत कर्जावर बोलणार म्हटल्यावर एका ज्येष्ठांनी मला विचारलं, "ताई, विषय जरा जड नाही का होणार?" होऊ दे. दोन-दोन पिढ्या भाड्याच्या खोल्यांत काढलेली आपली घरं मी पाहिली आहेत. घर घ्यायची ऐपत असूनही कागद नीट न लागल्यामुळे माघारी गेलेली माणसंही पाहिली आहेत. एकतीस वर्षं मी बँकेत होते, त्यातली शेवटची चौदा गृहकर्जाच्या टेबलावर. त्या माघारी गेलेल्यांची रुखरुख अजून आहे, म्हणून आज उभी आहे.

पगारदाराचं सोपं असतं. पगाराच्या पावत्या, फॉर्म १६, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, की फाईल पुढे सरकते. पण आपल्या शहरात पगारावर न जगणारे किती तरी. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत, लेथवर जॉबवर्क करणारे, रावपुऱ्यात दुकान टाकून बसलेले, घरून डबे देणाऱ्या बायका, शिकवण्या घेणारे, आणि गरब्याच्या नऊ रात्रींवर वर्षाची बेगमी करणारे वादक. गायकवाडांच्या राजवटीत इथे कलावंत कारखाना होता. गवई आणि वादक संस्थानाच्या खात्यातले, त्यांचं वेतन ठरलेलं. उस्ताद फैयाज खाँसाहेब इथल्याच दरबाराचे. आजच्या वादकाची कमाई नवरात्र ठरवतं, आणि कर्जाच्या फॉर्मवर रकाना मात्र "मासिक उत्पन्न" असाच असतो.

माझ्याकडे आलेल्या एका तबलजीचं सांगते. नाव राहू दे. त्याच्या तीन वर्षांच्या आयकर रिटर्नमधलं उत्पन्न असं होतं: ५ लाख ८० हजार, मग २ लाख ६० हजार, मग ६ लाख २० हजार. मधल्या वर्षी नवरात्राला बारा दिवस असताना स्कूटर घसरली आणि उजवं मनगट मोडलं. त्याने पहिला अर्ज दुसऱ्या एका ठिकाणी केला, तो डिसेंबरात. चालू वर्ष छान गेलं होतं, खात्यात पैसे होते, पण त्या वर्षाचं रिटर्न अजून भरायचं होतं. हातात शेवटचं रिटर्न पडत्या वर्षाचं. अर्ज नाकारला गेला.

इथे बँकेचं गणित समजून घ्या. वार्षिक उत्पन्नाला बाराने भागायचं, आणि त्यातला साधारण निम्मा भाग सगळ्या हप्त्यांना जाऊ शकतो असं धरायचं. कुठे चाळीस टक्के धरतात, कुठे थोडं जास्त. नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षं मुदत धरली, तर लाखाला हप्ता बसतो सुमारे ९०० रुपये. २ लाख ६० हजारांवर महिन्याला येतात २१ हजार ६६६. निम्मे १० हजार ८००. म्हणजे कर्ज बसतं बारा लाखांचं. त्याला हवे होते बावीस.

पुढच्या एप्रिलनंतर नवं रिटर्न भरून तो माझ्याकडे आला. आता शेवटच्या दोन वर्षांची सरासरी काढली तरी वीस लाखांच्या आसपास येत होतं, कारण पडतं वर्ष त्यातही होतंच. तेवढ्यात त्याच्या बायकोने प्लास्टिकच्या पिशवीतून तीन वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, पासबुक आणि वहीचं एक पान. कार्डावरची तारीख आणि पासबुकातली जमा थांबल्याची तारीख यांत चार दिवसांचं अंतर. मग अडीच महिने जमेच्या बाजूला काही नाही. आणि जानेवारीपासून ८००, ८००, ८०० अशा रकमा, एकाखाली एक, चौदा जणांच्या. प्लास्टर निघाल्यावर मनगट वाजवण्याजोगं नव्हतं, तेव्हा त्याने मुलांना बोल तोंडी शिकवायला सुरुवात केली होती. वहीच्या पानावर त्या चौदा मुलांची नावं आणि फीच्या तारखा होत्या.

मी बोट ठेवून एकेक तारीख जुळवली. त्यानंतर मला वरिष्ठांकडे नोंद लिहिता आली: उत्पन्न घटण्याचं कारण तात्पुरतं, पुराव्यासह, त्या काळातही अर्जदाराने दुसरं काम उभं केलं, जुना एकही हप्ता चुकलेला नाही. म्हणून तीन वर्षांची सरासरी धरावी. ती येते ४ लाख ८६ हजार. बावीस लाखांचा हप्ता १९ हजार ८००, तो त्यात बसला. कर्ज मंजूर झालं.

त्या पिशवीसाठीच मी आज आले आहे. २०२० च्या नवरात्रात गुजरातमध्ये गरब्याला परवानगीच नव्हती. त्या वर्षाचं पडतं रिटर्न कुठल्याही अधिकाऱ्यापुढे ठेवलं, तर तो कारण विचारत बसत नाही. ते सगळ्यांनी मिळून सोसलेलं वर्ष होतं. पण तुमचं मनगट, तुमच्या सासूबाईंचं आजारपण, एका पार्टीने आठ महिने अडवलेलं बिल, हे टेबलापलीकडच्या माणसाला कसं कळणार? त्याला आकडा पडलेला दिसतो. का पडला हे तुम्हीच एका पानावर लिहून द्यायचं. तारखा घाला, पुरावा जोडा, वर्ष कधी सावरलं ते दाखवा. लाज वाटून हे पान न देणारे मी खूप पाहिले. आजारपण ही लाजेची गोष्ट नाही हो.

आता दुसरी बाजू, आणि ही मला जास्त सलते. आकडा आपणच पाडून ठेवलेला असतो. चाळीस लाख उलाढालीचं दुकान घ्या, सगळे पैसे ऑनलाईन येणारे. आयकरात ४४एडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत छोट्या व्यापाऱ्याला हिशेबाच्या वह्यांशिवाय ऑनलाईन जमेवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा दाखवता येतो. हा दुकानदार ६ टक्के दाखवतो: २ लाख ४० हजार. खरा नफा सहा लाखांचा. वर्षानुवर्षं हेच चाललेलं, कारण कधी काळी कोणीतरी सांगितलं होतं की कमी दाखव, कर वाचेल. बँक मात्र त्याला ११ लाखांचंच कर्ज देऊ शकते. सहा लाख दाखवले असते तर २७ लाखांपर्यंत गेला असता.

नीट ऐका. ते ६ आणि ८ टक्के किमान आहेत. नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा, कायद्याचं म्हणणं तेच आहे. आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतीत व्यवसायाच्या बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट धरून कर शून्य येतो. म्हणजे खरा नफा लपवून आता एक रुपयाही वाचत नाही, आणि घर मात्र हातचं जातं. उलटही करू नका. न कमावलेलं उत्पन्न फुगवून रिटर्न भरलं, किंवा राहिलेली रिटर्न घाईने एकाच आठवड्यात भरली, की अधिकारी सावध होतोच. तो रिटर्नच्या शेजारी बँकेचं स्टेटमेंट लावून वाचत असतो.

म्हणून रोखीत मिळालेलं पाकीट कपाटात ठेवू नका, दुसऱ्या दिवशी खात्यात भरा. महिन्याच्या ५, १०, १५, २०, २५ तारखेला खात्यात किती शिल्लक होती हेही अनेक ठिकाणी पाहिलं जातं. मोबाईलच्या हप्त्याचा साडेनऊशेचा चेक परत गेलेला असला, तरी तो चुकलेला हप्ता सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, दिसू शकतो. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो, अर्जाच्या आधी तो पाहून घ्या. एका वेळी पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येकाची चौकशी तिथे नोंदली जाते. आणि नकार आला तर मुख्य कारण लेखी मागा. ते लेखी कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आमच्या तबलजीने मागितलं असतं, तर डिसेंबरातच कळलं असतं की चार महिने थांबायचं आहे.

मंजुरीचं तत्त्वतः पत्र हातात आल्याशिवाय बानाखताची, म्हणजे खरेदीआधीच्या कराराची, मोठी रक्कम देऊ नका, हे मी हात जोडून सांगते. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँक मालमत्तेच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण स्टँप ड्यूटी आणि नोंदणीचा खर्च सहसा त्या किमतीत धरत नाहीत. तो आपला आपण उभा करायचा. गुजरातेत दस्तावेज फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का नोंदणी फी माफ आहे. तीस लाखांच्या घरावर तीस हजार झाले.

कर्ज मिळाल्यावर ते फेडायचंही आहे, आणि तुमची कमाई हप्त्यासारखी दर महिन्याला येत नाही. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड लावता येत नाही. ती सवलत जणू तुमच्यासारख्यांसाठीच आहे. नवरात्र झालं की त्यातून आधी सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवा, त्याला हात लावू नका. उरलं त्यातलं मुद्दलात भरा. काही बँकांत कर्जाचं खातं ओव्हरड्राफ्टसारखं असतं. जास्तीचे पैसे त्यात ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही, आणि अडचणीला काढताही येतात. व्याजदर थोडा जास्त असतो, पण ज्याची कमाई वर्षातून दोनदाच येते त्याला परवडतो.

शेवटी मागच्या ओळीतून एक प्रश्न आला होता. एका भगिनींनी विचारलं, "मी सात वर्षं डबे देते. महिन्याला पंधरा-सोळा हजार सुटतात. ते धरतील का?"

ताई, आज नाही धरणार, कारण ते पैसे तुमच्या नवऱ्याच्या खात्यात येतात असं तुम्हीच म्हणालात. उद्या सकाळी तुमच्या नावाचं खातं उघडा आणि डबेवाल्या गिऱ्हाइकांना त्याचा क्यूआर द्या. उत्पन्न कराइतकं नसलं तरी यंदाचं रिटर्न तुमच्या नावाने भरा, पुढच्या वर्षीचंही भरा. मग सहअर्जदार म्हणून सही करायला बसाल, तेव्हा ते पंधरा हजार तुमच्या नावाने मोजले जातील. पॅन कार्ड आहे ना? नसेल तर आधी ते करून घ्या.