हात चालू, घासाघीस बंद

(व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षांनी ओळख करून देताना ‘कलेची निस्सीम साधना’ असं काहीतरी म्हटलं. आभारी आहे, पण माझं लक्ष साधनेपेक्षा बोहनीकडे जास्त असतं, हे आधीच सांगून ठेवते. बाहेर फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, ‘चित्र कसं सुचतं आणि ते कितीला विकावं’. यातला फक्त दुसरा अर्धा ऐकायला किती जण आलेत ते मागच्या रांगेतल्या पोर्टफोलिओंवरून कळतंयच. सांगणार आहे, भाव सांगणार आहे. पण आधी माझं एक लाडकं मत आहे, ते ऐकून घ्यावं लागेल. घरी आता कुणी ऐकत नाही.

मत एवढंच: स्वतंत्र चित्रकारानं कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सच्या जत्रेला, टेबल घेतलं की तिथं बसून विकू नये. तिथं बसून चित्र काढावं. विकलं जातं आपोआप.

तुमच्यातले बरेच जण मुंबईच्या कॉमिक कॉनला जाऊन आलेत, त्यामुळे तिथलं वर्णन करत नाही. २०११ साली दिल्ली हाटमध्ये आपल्याकडचं पहिलं कॉमिक कॉन भरलं, आता बऱ्याच शहरांत भरतं. मोठ्या कंपन्यांच्या दिव्यांच्या झगमगाटातून, तलवारी घेतलेल्या पोरांमधून वाट काढत आत गेलं की कुठंतरी बाजूला चित्रकारांची टेबलं असतात. आर्टिस्ट अ‍ॅली. चार-सहा फुटांचं टेबल, मागं एक खुर्ची, आणि खुर्चीत मोबाइलमध्ये डोकं घातलेला चित्रकार. तो बिचारा गर्विष्ठ नसतो, लाजत असतो. समोरून जाणाऱ्याला मात्र वाटतं की हा दुकानाचा नोकर आहे. मग तो नोकराला विचारतो तेच विचारतो: ‘कितीला? कमी नाही होणार?’

हल्ली त्यात नवीन प्रश्नाची भर पडलीय. ‘हे एआयनं केलंय का?’ पूर्वी विचारायचे, ‘हे तुम्ही स्वतः काढलंय?’ आणि तेव्हा मला राग यायचा. आता तो जुना प्रश्न किती प्रेमळ होता असं वाटतं. ‘माझ्या भाचीचाही हात चांगला आहे’ हे वाक्य मात्र तेव्हाही होतं आणि आजही आहे. या सभागृहात अशा भाच्या असलेले मामा किती? हात वर करू नका, मला चेहऱ्यावरून कळतं.

तर मुंबईला एकदा एक गृहस्थ आले. पन्नाशीचे. दोन्ही हातांत मुलीच्या पिशव्या, गळ्यात मुलीनंच अडकवलेला कुठल्यातरी सुपरहिरोचा बिल्ला. मुलगी फोटो काढायला गेलेली, बायको खाण्याच्या रांगेत, आणि हे टेकायला जागा शोधत माझ्या टेबलापाशी थांबलेले. माझं एक कॉमिक आहे, मांजराला घाबरणाऱ्या पैलवानाचं. त्यातल्या पानांचे प्रिंट्स मी तीनशेला विकते. त्यांनी दोन उचलले, उलटसुलट बघितले, कागद चोळून बघितला. म्हणाले, ‘दोन्ही मिळून चारशे.’ मी म्हटलं, ‘काका, नाही परवडत.’ ‘कागदच तर आहे.’ म्हटलं, ‘नोट पण कागदच असते.’ हे बरं बोलले असं मला वाटलं, पण त्यांच्यावर काही परिणाम नाही. ‘साडेचारशे. शेवटचं.’

मी पुढं वाद घातला नाही. समोर पुढच्या अंकाचं पान अर्धवट पडलेलं होतं, ब्रश उचलला आणि पैलवानाचा कान काढायला घेतला. तुम्ही कोल्हापूरचे, तुम्हाला पैलवानाचा कान सांगायला नको. घासून घासून, रक्त साकळून गाठाळलेला, आत घडी राहिलेली नाही. तो रेषेत काढणं अवघड असतं, कारण साधा कान आपला हात झोपेतही काढतो आणि हा कान प्रत्येक वळणाला त्या सवयीच्या उलट जातो. मी ब्रश थोडा सुका करून कडेनं लहान लहान, तुटक रेषा टाकते. गाठीच्या वर शाई जाड, आतल्या बाजूला पांढरा कागद तसाच सोडायचा.

गृहस्थ गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘याचा कान असा का?’ सांगितलं. ‘अहो, माझ्या मामांचे असेच होते. मला वाटायचं कुणी तरी चावलंय.’ मग मामा सुरू झाले. मामांची कुस्ती, मामांचं दूध, मामांनी मोडलेली खाट. पिशव्या खाली ठेवल्या. मागं चार माणसं जमली, त्यांनाही मामा सांगून झाले. मी वर न बघता मान हलवत काढतेय. कान झाला, खांद्यावर मांजर चढलं. आणि मग हे म्हणतात, ‘हेच द्या. हजार देतो.’

म्हटलं, ‘हे विकायचं नाही, अंकाचं पान आहे, अजून स्कॅन व्हायचंय.’

‘दीड.’

‘काका, खरंच नाही.’

‘दोन हजार! शेवटचं!’

म्हणजे घासाघीस तीच, आवाज तोच, ‘शेवटचं’ही तेच. फक्त गाडी उलट्या दिशेनं निघालेली. मागची माणसं मला म्हणायला लागली, ‘द्या की वो मॅडम.’ अडीचपर्यंत गेलं होतं, तेवढ्यात त्यांच्या सौभाग्यवती फ्रँकी घेऊन आल्या, पान बघितलं आणि विचारलं, ‘हा उघडा बाप्या लावणार कुठं? हॉलमध्ये?’ प्रकरण मिटलं. त्यांनी पन्नास रुपयांचं मांजराचं स्टिकर घेतलं आणि त्याची पावती मागितली.

हसा. पण मागं उभ्या असलेल्या त्या चौघांनी नंतर प्रिंट्स घेतले, आणि कमी करा असं एकानंही म्हटलं नाही. माझा सगळा सिद्धांत या चौघांवर उभा आहे, हे मान्य. शास्त्राच्या शिक्षकांनी क्षमा करावी.

आता चित्र सुचतं कसं. सुचण्याबद्दल मला फार बोलता येत नाही आणि जे तासभर बोलतात त्यांच्याबद्दल मला संशय असतो. तालमीत लाल माती उकरताना बघितली होती. तेल, ताक, हळद घातलेली माती, तिचा वास, आणि एवढा थोरला गडी कोपऱ्यातल्या मांजराला ‘शुक शुक’ करतोय. काडेपेटीएवढ्या चौकोनांत आधी सगळी पानं मांडली. गोष्ट बावीस पानांत संपली. पण मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेत पानं चाराच्या पटीत लागतात, म्हणजे एकतर वीस, नाहीतर चोवीस. कापायला जीव होईना म्हणून दोन पानं वाढवली. त्या पानांवर मांजर नुसतं झोपलंय, पैलवान लांबून बघतोय, शब्द नाही. लोक टेबलापाशी येऊन नेमकी तीच पानं उघडतात. प्रेरणेला किती मार्क द्यायचे आणि पिनांना किती, तुम्ही ठरवा.

आणि रंग! पडद्यावर मी आषाढातल्या भाताच्या खाचराचा हिरवा लावते, ज्याच्याकडे बघून डोळे दिपतात तो. पडदा उजेडानं रंग दाखवतो, छपाई चार शायांनी. तो हिरवा त्या चार शायांच्या हातात येतच नाही, छापून येतो तो शिजवलेल्या पालकाचा. एका छापखान्यात मी तक्रार केली तर मालक म्हणाले, ‘मॅडम, घरी जाऊन ट्यूबलाइटखाली बघा, बरा वाटेल.’ आणि न विचारता त्यांच्या संगणकानं सगळ्या पैलवानांना गोरं करून दिलं होतं! सगळ्या गठ्ठ्याला! विचारलं तर म्हणे, ‘आमचं मशीन चेहरे आपोआप उजळ करतं, लग्नाच्या अल्बमला लागतं ना.’ तालमीतला रापलेला गडी आणि नवरदेव यांत मशीनला फरक कळत नाही, ते समजू शकते. मालकांनाही कळू नये? तेव्हापासून सगळी छपाई लावण्याआधी एकच नमुना काढून घेते, भर दुपारी रस्त्यावर उभं राहून बघते, आणि त्या नमुन्यावर सही करून तो छापखान्यातच ठेवते.

हं, मुद्दा. काढणं आणि विकणं एका जागी असावं. टोकियोचं कॉमिकेट बघा, स्वतः काढलेल्या कॉमिक्सचा बाजार. १९७५ च्या डिसेंबरात सुरू झालं तेव्हा बत्तीस गट होते आणि सातशेच्या आसपास माणसं. आता वर्षातून दोनदा भरतं आणि तिथं जाणाऱ्यांचा आकडा लाखांत असतो. तरी टेबलामागं बसलेला माणूस आजही बहुतेकदा तोच, ज्यानं ते पुस्तक काढलंय.

आता याच्या उलट उदाहरण, राजा रविवर्मा. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर आणले, आणि जी लक्ष्मी-सरस्वती राजवाड्यात होती ती घराघरांतल्या भिंतीवर आली. प्रिंट्स विकणारे आम्ही सगळे त्यांचेच वारस. पण छापखाना चालवणं जमलं नाही. पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला, कर्ज झालं, शेवटी श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकला. माझं म्हणणं, त्यांनी भायखळ्याला टेबल टाकून स्वतः बसायला हवं होतं. अध्यक्ष मान हलवतायत. बरं, प्लेगचे दिवस होते, लिथोचे, म्हणजे शिळाछपाईचे, दगड काही टेबलावर मावत नाहीत, आणि राजा माणूस भायखळ्याला बसला नसता. उदाहरण मागे घेते.

चित्रकार दीनानाथ दलाल तरी चालतील ना? १९४५ साली स्वतःचा दिवाळी अंक काढला. मुखपृष्ठ स्वतःचं, संपादन स्वतःचं. लोकांनी ती चित्रं कापून फ्रेम करून लावली. दुसऱ्याच्या अंकाला चित्र पुरवत बसण्यापेक्षा अंकच आपला काढायचा, हे त्यांना तेव्हा कळलं होतं. आमच्या पिढीनं त्याला ‘इंडी’ म्हणायचं आणि नवीन शोध लावल्यासारखं मिरवायचं.

टेबलावर काढण्याचा दुसरा फायदा कान उघडे राहतात हा. लोक चित्राशी बोलतात, तुमच्याशी नाही, त्यामुळे खरं बोलतात. एका पोरानं विचारलं, ‘मांजराचं नाव काय?’ मी नाव ठेवलंच नव्हतं. त्यालाच विचारलं तर म्हणाला, ‘वस्ताद.’ तालमीत एवढ्या अधिकारानं फिरणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? दुसरा अंक त्या नावावरून उभा राहिला.

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटे’ असं लिहिलंय आणि खाली दोन रेघा मारल्यात. म्हणजे भाव सात मिनिटांत. वह्या काढा.

आधी खर्च मांडा. टेबलाचं भाडं, रेल्वे, लॉज, खाणं. समजा १८,००० झाले. तुमचा प्रिंट ३०० चा, आणि छपाई, पाकीट, मागचा पुठ्ठा धरून ६० ला पडतो. सुटतात २४०. अठरा हजारांना तीनशेनं भागू नका, सगळे तिथंच फसतात. २४० नं भागा. ७५ प्रिंट गेले की प्रवास सुटला, तुमची मजुरी शहात्तराव्यापासून सुरू. हा आकडा घरीच काढा, तिथं जाऊन नाही. जमणारा दिसला नाही तर एका मित्राबरोबर टेबल वाटून घ्या.

टेबलावर तीन उंचीचे भाव हवेत. पोरांच्या खिशातलं स्टिकर, नोकरदाराचा प्रिंट, आणि वर एक मूळ चित्र, जे बहुधा जाणार नाही पण त्याच्या शेजारी प्रिंट स्वस्त वाटतो. मूळ चित्राचा भाव चौरस इंचावर ठरवा, मूडवर नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी भाव पाडू नका, पुढच्या वर्षी सगळे शेवटच्याच दिवशी येतात. भाव मोठ्या अक्षरात लिहून लावा, मराठी माणूस किंमत विचारायला लाजतो आणि निघून जातो.

दुसऱ्यांची पात्रं काढून विकणं, फॅन आर्ट, यावर एक अख्खं व्याख्यान होईल. मी करत नाही. ती पात्रं कुणाच्या तरी मालकीची असतात आणि जपानी कंपन्या काणाडोळा करतात म्हणून सगळेच करतील असं नाही.

हे मात्र नीट ऐका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असं आहे की कुणी पैसे देऊन, सांगून तुमच्याकडून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक तो करून घेणारा. तुम्ही नाही! स्वतःहून काढलेलं चित्र विकलं तर कागद जातो, हक्क तुमच्याकडेच राहतो, पण ऑर्डरचं चित्र वेगळं. म्हणून टेबलावर ऑर्डरचा साधा छापील कागद ठेवा: चित्राचे हक्क चित्रकाराकडे, निम्मी रक्कम आगाऊ, दुरुस्त्या दोनच, खाली दोघांच्या सह्या. मित्राकडूनही सही घ्या. मित्राकडून तर आधी घ्या.

दुसरी चिठ्ठी आली. सुटे पैसे न्या, हॉलमध्ये रेंज गेली की यूपीआय बसतं. उरलेले प्रिंट आडवे ठेवा, उभे ठेवले तर आपल्या पावसाळ्यात कडा वळतात. राहिलेले प्रश्न बाहेर चहाला विचारा. वस्तादाची स्टिकरं तिथं टेबलावर आहेत, पन्नासला एक, आणि अध्यक्षांनाही पन्नासलाच.