चर्चच्या हॉलमध्ये आठवडाभर काय चालते

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

सन्माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य आणि बंधू-भगिनींनो,

आज आपण ज्या हॉलमध्ये बसलो आहोत तो एका चर्चचा आहे. गणेशोत्सव, संक्रांतीचे हळदीकुंकू, दिवाळी, मुलांचे मराठी वर्ग या साऱ्यांसाठी आपण तो तासाच्या हिशेबाने भाड्याने घेतो, खुर्च्या मांडतो, कार्यक्रम आटोपला की आवरून किल्ली परत करतो. इंग्लंडमधल्या कितीतरी मराठी, गुजराती आणि तमिळ मंडळांची सुरुवात अशाच हॉलमधून झाली. मात्र आपण येथे नसतो तेव्हा काय चालते, याची चौकशी आपल्यापैकी फार थोड्यांनी केली असेल. मला आज त्याविषयीच बोलायचे आहे, कारण परक्या देशात माणसे जोडण्याचे जे काम आपण मंडळ म्हणून करू पाहतो, त्याचा मोठा अनुभव याच इमारतीत रोजच्या रोज जमा होत असतो.

दारालगतच्या सूचनाफलकावर आठवड्याचे वेळापत्रक लावलेले आहे. जाताना ते अवश्य पाहावे. सोमवारी सकाळी तान्ह्या आणि चालू लागलेल्या मुलांना घेऊन आया येतात. मंगळवारी एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दुपारचे गरम जेवण मिळते. बुधवारी संध्याकाळी दारू सोडू पाहणाऱ्यांची बैठक असते. तिचा चर्चशी संबंध जागेपुरताच आहे, भाडेसुद्धा ते लोक आपसांत वर्गणी काढून देतात. शुक्रवारी गरजूंना मोफत अन्न देणारी फूड बँक उघडते. त्या वेळापत्रकाच्या खाली आणखी एक साधा कागद टाचलेला आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रविवारच्या उपासनेनंतर चहा कोणी करायचा, त्याच्या पाळ्या त्यावर तीन महिन्यांसाठी लिहिलेल्या आहेत. नावे पेन्सिलीने लिहिलेली आहेत. ज्याला जमत नाही तो स्वतःचे नाव खोडतो आणि शेजारी ज्याला विचारले त्याचे नाव लिहितो. चहाची जबाबदारी कोणा एकट्यावर पडत नाही आणि कोणत्याही रविवारी चहा चुकतही नाही.

हे सारे करणारी माणसे किती आहेत, याचाही विचार करावा. इंग्लंडची लोकसंख्या पावणेसहा कोटींहून अधिक आहे आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या साप्ताहिक उपासनेला येणाऱ्यांची संख्या सुमारे ७ लाख आहे. त्यांत पिकल्या केसांची माणसे पुष्कळ असतात. कार्यकर्ते मिळत नाहीत, नवी पिढी येत नाही, ही जी तक्रार आपण दर वार्षिक सभेत ऐकतो, ती येथल्या चर्चचीही जुनी तक्रार आहे. तरीही त्यांचे काम आठवड्याला आठवडा लागून चालू राहते. आपला वर्षातला सर्वांत मोठा कार्यक्रम त्यांच्या कोणत्याही कार्यक्रमापेक्षा भव्य असतो, पण दोन कार्यक्रमांच्या मधल्या काळात आपल्यातला कोणी आजारी पडला, कोणाची नोकरी गेली, तर मंडळाला ते कळायला मार्ग नसतो. चर्चच्या लोकांना ते कळते, कारण गेल्या आठवड्यात जेवायला आलेली आजी या आठवड्यात आली नाही, हे वाढणाऱ्याच्या लगेच लक्षात येते आणि दुपारी कोणीतरी तिच्या घरची बेल वाजवतो.

सणाचे आणि मदतीचे नाते येथे कसे जुळले, त्याचे उत्तम उदाहरण म्हणजे हार्वेस्ट फेस्टिव्हल. कॉर्नवॉलमधल्या मॉरवेनस्टो या समुद्रकाठच्या गावी रॉबर्ट स्टीफन हॉकर नावाचे धर्मगुरू होते. त्यांनी १८४३ साली सुगीनंतर गावकऱ्यांना आभाराच्या उपासनेसाठी बोलावले आणि आजच्या स्वरूपातला हा सण तेथून देशभर पसरला असे मानतात. चर्च गव्हाच्या पेंढ्यांनी, भोपळ्यांनी, सफरचंदांनी सजवले जाई. आपल्याकडे अहिल्यानगर भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांतही (मंडळी म्हणजे एका चर्चचा भाविक समुदाय) सुगीचा असा सण होतो आणि लोकांनी आणलेल्या धान्याचा, भाजीपाल्याचा लिलाव करून ती रक्कम मंडळीच्या कामी लावली जाते. येथल्या शहरांत आता शेत कोणाकडेच नाही. म्हणून मुले शाळेतून आणि घरून डबाबंद पदार्थ आणतात, ते वेदीपुढे मांडले जातात आणि सण झाला की थेट फूड बँकेत जातात. सण जुनाच राहिला, त्यातून आलेल्या वस्तूंची वाट तेवढी बदलली.

फूड बँकेची हकीकत जरा विस्ताराने सांगतो. पॅडी आणि कॅरल हेंडरसन या दांपत्याने १९९७ साली सॉल्झबरी येथे ट्रसल ट्रस्ट स्थापन केला, तो बल्गेरियातल्या रस्त्यावर राहणाऱ्या मुलांच्या मदतीसाठी. पुढे सॉल्झबरीतल्याच एका आईने त्यांना फोन करून सांगितले की, आज रात्री माझी मुले उपाशी झोपणार आहेत, त्यांच्यासाठी तुम्ही काय करणार? त्या प्रश्नातून २००० साली हेंडरसन यांच्या बागेतल्या शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये पहिली फूड बँक सुरू झाली. २००४ पासून त्यांनी इतर गावांतल्या चर्चना हीच पद्धत शिकवायला आरंभ केला. डॉक्टर, शाळा किंवा समाजसेवक गरजू कुटुंबाला एक व्हाउचर देतात, ते दाखवले की तीन दिवस पुरेल इतके अन्न मिळते, आणि अन्न बांधले जात असताना एक स्वयंसेवक समोर बसून चहा देतो व अडचण काय आहे ते विचारतो. २०२३-२४ या एका वर्षात ट्रसलशी जोडलेल्या फूड बँकांनी अशी ३१ लाखांहून अधिक पार्सले दिली आणि त्यांतली ११ लाखांहून अधिक मुलांसाठी होती. इतक्या श्रीमंत देशात ही संख्या एवढी मोठी असावी, ही अभिमानाने सांगण्याची बाब नाही. फूड बँकेची गरजच उरू नये, हे ध्येय ती संस्थाही उघडपणे सांगते.

आतले काम कसे चालते ते मी जवळून पाहिले आहे. आलेली प्रत्येक पिशवी आधी वजनकाट्यावर ठेवतात आणि वहीत किलो लिहितात. मग प्रत्येक डब्यावरची मुदत शोधून ती जाड मार्करने वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहितात, म्हणजे क्रेटमध्ये वरून पाहिले तरी वाचता येते. आधी मुदत संपणारा माल पुढे, नंतरचा मागे. दूध, मासे, भाज्या, चहा यांचे क्रेट वेगळे. ज्यांच्या घरी शेगडी नाही, फक्त किटली आहे, त्यांच्यासाठी नुसत्या उकळत्या पाण्यात तयार होणाऱ्या पदार्थांचे खोके निराळे बांधलेले असते. कोणाच्या घरात काय नसेल, याचा इतका बारीक विचार मदत देणाऱ्याने आधीच करून ठेवावा, याचे मला फार मोल वाटते. येणाऱ्याला ते सारे तोंडाने सांगावे लागत नाही, आणि त्याची मान खाली जात नाही.

असाच विचार एका वेगळ्या दुःखाबाबत चॅड व्हारा या धर्मगुरूंनी केला. तरुणपणी लिंकनमध्ये काम करताना त्यांनी चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी केला होता. तिला मासिक पाळी सुरू झाली, तो लैंगिक आजार आहे असा तिचा समज झाला, विचारायला जवळचे कोणी नव्हते आणि तिने जीव दिला. ती गोष्ट व्हारांच्या मनातून गेली नाही. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमधून त्यांनी निराश माणसांसाठी टेलिफोनसेवा सुरू केली. लोक फोन करू लागले, प्रत्यक्षही येऊ लागले, आणि ताटकळणाऱ्यांना चहा देण्यासाठी परिसरातले काही स्वयंसेवक येऊन बसू लागले. थोड्याच दिवसांत व्हारांना दिसून आले की, चहा देणाऱ्याशी बोलून झाल्यावर बऱ्याच जणांना धर्मगुरूंना भेटण्याची गरजच उरत नाही. त्यांनी ते मोकळेपणाने मान्य केले आणि १९५४ च्या फेब्रुवारीत ऐकण्याचे काम स्वयंसेवकांच्या हाती सोपवले. तीच समॅरिटन्स ही संस्था. आज ती कोणत्याही धर्माशी बांधलेली नाही आणि ११६ १२३ हा तिचा क्रमांक या देशात कोठूनही मोफत लागतो. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आणि दिवसभर घरात एकट्या असणाऱ्या आपल्या लेकी-सुना, शिक्षणाचे कर्ज डोक्यावर घेऊन रात्रपाळी करणारे विद्यार्थी, मुलांकडे राहायला येऊन घरातच कोंडून पडलेले आजी-आजोबा, या सर्वांपर्यंत हा क्रमांक पोहोचला पाहिजे. त्याहीपूर्वी त्यांना चहा देऊन शांतपणे ऐकणारा मराठी माणूस मिळाला पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

एकट्या मंडळीला न पेलणारे काम अनेक मंडळ्या वाटून घेतात, हेही येथे पाहायला मिळते. हिवाळ्यात बेघरांना निवारा देण्यासाठी एका भागातली सात चर्च एकत्र येतात आणि प्रत्येक चर्च आठवड्यातली एक रात्र घेते. अँग्लिकन, मेथडिस्ट, कॅथलिक, बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथांत उपासनेबाबत मतभेद आहेत, पण गाद्या उचलून एका हॉलमधून दुसऱ्या हॉलमध्ये नेताना ते आड येत नाहीत. २०२० च्या साथीनंतर एका खोलीत अनेकांना झोपवणे बंद झाले आणि पुष्कळ ठिकाणी स्वतंत्र खोल्यांची सोय आली. वाटून घेण्याची पद्धत मात्र टिकली. २०२२ च्या हिवाळ्यात वीज-गॅसची बिले भडकली तेव्हा चर्चनी आपले हॉल ऊब घेण्यासाठी दिवसा उघडे ठेवले, तेही याच सवयीमुळे लवकर जमले.

येथे आपल्यापैकी काहींच्या मनात येणारा प्रश्न मी टाळू इच्छित नाही. या सेवेमागे धर्मप्रसाराचा हेतू असतो का? चर्च हे श्रद्धेतून काम करते आणि ते लपवत नाही. पण फूड बँकेच्या टेबलावर कोणाला धर्म विचारला जात नाही, प्रार्थनेची अट घातली जात नाही, आणि स्वयंसेवकांत कोणत्याही धर्माची किंवा धर्म न मानणारी माणसे असतात. महाराष्ट्रात या विषयावर गेली दीडशे वर्षे वाद झाले आहेत आणि त्यांतले काही आक्षेप गंभीर आहेत, हे मी जाणतो. तरी वसईकडे पाहावे. तेथील मराठी कॅथलिक समाजाने १९१८ साली धर्मगुरूंच्या पुढाकाराने पतसंस्था उभारली, तीच आजची बॅसीन कॅथलिक सहकारी बँक. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईचे पाणी आणि हिरवाई राखण्यासाठी जे आंदोलन चालवले, त्यात सर्व धर्मांचे लोक होते, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. मंडळी आपल्या दाराबाहेर पडून गावाच्या कामाला लागली म्हणजे काय होते, ते आपल्या भाषेतही आपण पाहिलेले आहे.

आता आपल्या मंडळाविषयी. रविवारच्या मराठी वर्गाला आपण मुलांना सोडतो आणि पालक बाहेर गाडीत बसून फोन पाहत राहतात. २००४ साली पोर्ट्समथजवळच्या काउप्लेन येथील चर्चने 'मेसी चर्च' नावाचा उपक्रम सुरू केला, तो आता अनेक देशांत चालतो. मुले आणि आई-वडील एकत्र येतात, हाताने काहीतरी बनवतात, थोडा वेळ उपासना होते आणि शेवटी सगळे एकाच टेबलावर जेवतात. मुलांना सोडून निघून जाण्याची तेथे सोयच ठेवलेली नाही. आपला वर्ग असा का असू नये? शेवटच्या अर्ध्या तासात पालकांनी आत यावे, साधी खिचडी करावी, आणि जे कुटुंब या शहरात नुकतेच आले आहे त्याला त्या दिवशी आवर्जून बोलवावे. खर्च अगदी किरकोळ येईल. पाळ्यांचा कागद मात्र लावावा लागेल, आणि त्यावर पहिल्या महिन्यासाठी माझे नाव मी लिहून ठेवले आहे.

दुसरी गोष्ट फूड बँकेची. इथल्या व्हिकरांशी, म्हणजे या चर्चच्या धर्मगुरूंशी, आणि फूड बँकेच्या व्यवस्थापकांशी माझे बोलणे झाले आहे. महिन्यातल्या एका शुक्रवारी माल लावण्यासाठी आणि चहाच्या टेबलावर बसण्यासाठी त्यांना चार माणसे हवी आहेत. टेबलावर बसणाऱ्यांना त्यांचे छोटे प्रशिक्षण घ्यावे लागेल आणि तेथे ऐकलेले बाहेर न बोलण्याचा नियम कसोशीने पाळावा लागेल. दिवाळीच्या कार्यक्रमात आपण प्रवेशिकेबरोबर प्रत्येक कुटुंबाकडून एक पिशवी घेऊ शकतो. त्या पिशवीत कच्ची तूरडाळ आणि पाच किलो तांदूळ भरण्याची आपली इच्छा असते, पण ज्यांच्या घरचा विजेचा मीटर आधी पैसे भरल्याशिवाय चालत नाही त्यांना डाळ शिजवणे परवडत नाही. म्हणून शिजवलेल्या छोल्यांचे, राजम्याचे आणि टोमॅटोचे डबे, न उघडता महिनोन्‌महिने टिकणारे दूध, चहा, साखर आणि लहान मुलांचे डायपर आणावेत. डबे शक्यतो ओढून उघडता येणाऱ्या झाकणाचे असावेत. मुदत निदान सहा महिन्यांची असावी. नावनोंदणीचा तक्ता चहाच्या टेबलाजवळ ठेवला आहे आणि पहिला शुक्रवार पुढच्याच महिन्यात आहे.