तास नव्हे, सोमाइट

भ्रूणशास्त्र शिकवायला लागले तेव्हा मी फळ्यावर फार रमायचे. रंगीत खडू, सुबक आकृत्या, बाणच बाण. मुलं त्या उतरवून घ्यायची आणि परीक्षेत तशाच काढायची. मग एका प्रात्यक्षिकाला मी 36 तास उबवलेलं कोंबडीचं अंडं फोडलं. बलकावरच्या पांढुरक्या चकतीवर, म्हणजे भ्रूणावर, फिल्टर पेपरची कडी ठेवली, भोवतीनं कात्री फिरवली, चकती कोमट सलाइनमध्ये धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पहिली मुलगी डोळा लावून बसली ती बोलेचना. मग हळूच म्हणाली, "मॅडम, हलतंय!" ते हृदय होतं. कप्पे नाहीत, रक्तही अजून फिरायला लागलेलं नाही. नुसती वाकलेली नळी, पण ठोके देत होती. तेव्हापासून वर्गात अंडं आधी येतं, आकृती मागाहून.

संशोधनात मात्र हेच शहाणपण यायला मला उशीर लागला. मज्जानलिका म्हणजे भ्रूणातली जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी. ती मिटताना एखाद्या रसायनानं अडथळा येतो का, हे आम्ही तपासत होतो. दोन वर्षं आकडे नुसते विस्कटलेले. प्रयोग गुंडाळायच्या बेतात होते मी. तेव्हा एका विद्यार्थिनीनं जुन्या सगळ्या काचपट्ट्या काढल्या आणि एकेका भ्रूणाचे सोमाइट मोजले. सोमाइट म्हणजे मज्जानलिकेच्या दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं उमटणारे ठोकळे. पुढे त्यांतूनच मणके आणि पाठीचे स्नायू घडतात. कोंबडीत साधारण दर 90 मिनिटांनी नवी जोडी येते. आमच्या एकाच वेळी उबवायला ठेवलेल्या अंड्यांत कुणाच्या 7 जोड्या होत्या, कुणाच्या 12! काही अंडी आधी जास्त दिवस थंडीत राहिलेली, काही इनक्युबेटरच्या दाराजवळची. मी सगळ्यांना एकाच वयाचं धरत होते. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या भ्रूणशास्त्रज्ञांनी 1951 मध्ये कोंबडीच्या भ्रूणाचे 46 टप्पे तासांवरून न ठरवता दिसणाऱ्या लक्षणांवरून ठरवले, ते याचसाठी. तो तक्ता मी दरवर्षी शिकवत होते.

जोड्यांप्रमाणे गट पाडले आणि आलेख एका बैठकीत सरळ झाला.

त्या विद्यार्थिनीवरून मला जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ हिल्डे मांगोल्ड आठवते, तीही तेव्हा विद्यार्थिनीच होती. न्यूट हा बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला उभयचर. तिनं फिकट रंगाच्या न्यूटच्या भ्रूणातला इवलासा तुकडा गडद रंगाच्या दुसऱ्या जातीच्या भ्रूणात बसवला. तिथे दुसरा देह आकार घेऊ लागला, आणि रंगांवरून कळलं की त्यातला बराचसा भाग यजमानाच्याच पेशींचा होता! तुकड्यानं शेजाऱ्यांना कामाला लावलं होतं. काम तिच्या प्रबंधाचं. 1924 च्या शोधनिबंधावर मात्र तिचे गुरू श्पेमान यांचं नाव आधी. त्याच वर्षी, 25 व्या वर्षी, ती अपघातात गेली. 1935 चं नोबेल श्पेमान यांना मिळालं. शोधाइतकीच ही हकिकतही मी वर्गात सांगते, सांगायलाच हवी.

आमच्या निबंधावर त्या विद्यार्थिनीचं नाव पहिलं होतं. आणि प्रयोगशाळेच्या वहीत अजूनही पहिला रकाना सोमाइटच्या जोड्यांचा असतो. तास त्याच्या शेजारी, कंसात.