तार बिघडत नाही, जोड बिघडतो

(दृश्य: बडोदे, दांडिया बाजार. जुन्या घराचा वरचा मजला. काका लाकडी कपाट भिंतीपासून पुढे ओढतात.)

पुढून सगळं लखलखीत दिसतं. टर्नटेबल, ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक, दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर. माझ्या काकांना मात्र कपाटाची मागची बाजू महत्त्वाची. पावसाळा सरला आणि नवरात्र अजून बसायचं आहे, त्या मधल्या आठवड्यात ते दर वर्षी कपाट ओढतात आणि एकेक वायर सोडवतात. प्रत्येक वायरीवर सेलोटेपखाली एक चिठ्ठी आहे. ‘टर्नटेबल, डावा’. ‘डेककडून’. ‘हिला हात लावू नये’. अक्षर काकूचं.

(चिठ्ठ्या जवळून. आठ सेकंद निवेदन नाही.)

काका म्हणतात, “अगं, तार बिघडत नाही. जोड बिघडतो.” या वाक्यासाठी मी ही फिल्म केली. एका बाजूचा आवाज गेला म्हणून चांगले संच भंगारात जाताना मी आमच्याच गल्लीत पाहिलेत.

(दृश्य: आरसीए पिन, कापसाची काडी.)

ही पिन १९३० च्या दशकातली. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकेने रेडिओला रेकॉर्ड प्लेअर जोडायला काढली, म्हणून आरसीए. मधला काटा आवाज नेतो, बाहेरची कडी परतीची वाट आणि संरक्षण. चार महिने दमट हवा खाल्ली की धातूवर न दिसणारा थर चढतो. सीडी प्लेअरमधून सुमारे २ व्होल्ट येतात, ते हा थर सहज पार करतात. टर्नटेबलच्या सुईतून येतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट. चारशे पट कमी. म्हणून खरखर आधी तिथे ऐकू येते.

काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल. काटा पुसला, कडी आतून पुसली, मग पिन सॉकेटमध्ये दोनदा फिरवून काढली. काडी बघा, काळी झाली. पॉलिश पेपर काका वापरू देत नाहीत. मळाबरोबर मुलामाही जातो, आणि पुढच्या पावसाळ्यात ती पिन आणखी लवकर खराब होते.

(दृश्य: स्पीकरची वायर सोलली जाते. तांबं हिरवं.)

इथे पुसून भागणार नाही. हिरवा भाग छाटायचा, आणखी सोलायचं, लालसर तांबं लागेपर्यंत. चार बोटं वायर गेली. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर, म्हणजे तारा सांधणारं वितळतं धातूचं मिश्रण, लावायचं नाही. सोल्डर मऊ, दाबाखाली हळूहळू चपटं होतं आणि स्क्रू आपोआप सैल पडतो.

वायर कोणती? दुकानात मागायची ‘चालीस-छोतेर’. म्हणजे चाळीस तारा, प्रत्येकीची जाडी ०.००७६ इंच. पाच मीटरवरच्या स्पीकरला जाऊन-येऊन दहा मीटर तांबं लागतं, त्याचा रोध साधारण ०.१५ ओहम. स्पीकर ८ ओहमचा. हा फरक कानाला कळत नाही. चौदा तारांची बारीक वायर घेतली तर ०.४ होतो, तेवढी काटकसर करू नये. पण हजारो रुपयांची वायर घेऊन या खोलीत काहीही जास्त ऐकू येणार नाही, हे मी ठामपणे सांगते. ते पैसे रेकॉर्डींवर घालावेत.

(दृश्य: टेबल, दिवा, सोल्डरिंग आयर्नमधून निघणारा धूर.)

आता नवी वायर. ही काकांनी याच वर्षी योजली.

२५ वॅटचं आयर्न. सोल्डर साठ-चाळीस, म्हणजे साठ भाग कथील, चाळीस भाग शिसं, पोटात राळ. आधी पिनची टोपी वायरीत ओवायची; हे राहिलं तर सगळं पुन्हा उकलावं लागतं. वायर सोलली की बाहेर जाळी, आत पांढरं आवरण, त्याच्या आत तार. जाळी पिळून बाजूला.

आता हात बघा. आयर्न सोल्डरला लावत नाहीत, पिनला लावतात. पिन तापते. मग दुसऱ्या बाजूने सोल्डर टेकवतात आणि ते पाण्यासारखं ओढलं जातं. १८३ अंशांना वितळायला सुरुवात होते. तीन सेकंदांत आयर्न दूर, नाहीतर आतलं पांढरं आवरण वितळून तार जाळीला चिकटेल. दूर झाल्यावर फुंकर नाही, हालचाल नाही. जोड चकचकीत राहिला, कडेला पसरला, तो पक्का. मण्यासारखा गोल आणि मळकट झाला तर तो ड्राय सोल्डर. आज वाजेल, दिवाळीला बंद पडेल.

(दृश्य: दुसरा जोड. पूर्ण, न कापता.)

मीटर लावला. जोड लागला की तो शिटी वाजवतो. एका टोकाच्या काट्यापासून दुसऱ्या टोकाच्या काट्यापर्यंत शिटी हवी, काट्यापासून कडीपर्यंत नको. वायर हलवून पुन्हा तेच.

या वायरीत डाव्या आणि उजव्या बाजूच्या तारा काकांनी मुद्दाम एकत्र केल्यात. ७८ ची रेकॉर्ड, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी रेकॉर्ड. तिच्यात गाणं सुईच्या फक्त आडव्या हालचालीत असतं. खाली-वर जे हलतं ते धूळ आणि झीज. स्टिरिओ कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या हालचालीचे दोन बाजूंचे सिग्नल करणारा भाग, दोन्ही उचलतं, पण खाली-वरची हालचाल दोन बाजूंना उलट चिन्हाने येते. तारा जोडल्या की ती एकमेकींना खोडते, गाणं राहतं. सुईही ७८ ची लावली, एलपीच्या, म्हणजे नंतरच्या लाँग-प्ले रेकॉर्डीच्या, सुईपेक्षा जवळजवळ चौपट रुंद टोकाची.

रेकॉर्ड फैयाज खाँसाहेबांची. बडोद्याच्या दरबाराचे गायक, १९५० साली याच शहरात गेले. खुद्द काकूने जपलेली.

(दृश्य: काका नव्या वायरीवर सेलोटेपने कोरी चिठ्ठी लावतात. पेन हातात. लिहीत नाहीत.)

टर्नटेबलची अर्थ वायर ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला बसली आणि ५० हर्ट्झची घूं थांबली. विजेची वायर सिग्नलच्या वायरीला समांतर नको, ओलांडायची तर काटकोनात. ॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी चालू, तोही आवाज शून्यावर ठेवून.

(दृश्य: सुई टेकते. निवेदन इथे थांबतं. रेकॉर्डची एक बाजू पूर्ण, सुमारे तीन मिनिटं.)