सहा जणांचा संसार आणि एक स्पेसबार

नमस्कार श्रोतेहो.

2001 सालची मे महिन्याची सुट्टी मी सांगलीला आत्याकडे काढली आणि त्या सुट्टीत माझ्यावर एकच जबाबदारी होती. स्पेसबार. माऊस आतेभावाच्या, म्हणजे दादाच्या हातात असायचा. घर त्याचं, कॉम्प्युटर त्याचा, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नव्हता. तो “थांब!” म्हणून ओरडला की मी स्पेसबार दाबायची. पडद्यावर सगळं जागच्या जागी थबकायचं. सुटलेला बाण हवेत, उगारलेली तलवार तशीच उगारलेली. मग सहा जणांनी पुढे काय करायचं यावर आमची खलबतं सुरू व्हायची.

खेळाचं नाव ‘बॉल्डर्स गेट’. कॅनडातल्या एडमंटन शहरात 1995 साली काही डॉक्टरांनी ‘बायोवेअर’ ही कंपनी काढली. डॉक्टर म्हणजे खरेखुरे, वैद्यकीय पदवी घेतलेले. त्यांचा हा खेळ 1998च्या डिसेंबरात आला, तो पाच सीडींवर. नायक एका गावातून दुसऱ्या मुलखात गेला की कॉम्प्युटर दुसरी सीडी मागायचा. सीड्या काढणं-घालणं हेही अर्थातच माझ्याकडे.

कथा अशी. कँडलकीप नावाच्या तटबंदीच्या ग्रंथालयात वाढलेलं एक पोरकं मूल म्हणजे तुम्ही. तुम्हाला वाढवणारा म्हातारा गोरायन तुम्हाला घेऊन रातोरात बाहेर पडतो आणि वाटेतच मारला जातो. सकाळी तुमच्याकडे असतं काय? थोडं सोनं, एक साधं हत्यार आणि मागून पळत आलेली बालमैत्रीण इमोएन. इथून पुढे माणसं गोळा करायची. जास्तीत जास्त सहा, तुम्ही धरून. या टोळीला खेळणारे ‘पार्टी’ म्हणतात. आमच्या आत्याला हा शब्द पटायचा नाही. “खायला-प्यायला काही नाही आणि म्हणे पार्टी!”

ही माणसं नुसती प्यादी नसतात, गंमत तिथेच आहे. खालिद आणि जहीरा हे नवराबायको एका सरायीत भेटतात. खालिद लढवय्या, पण बोलताना अडखळतो आणि संकट दिसलं की आधी पळतो. जहीरा त्याच्या दुप्पट खमकी. खालिद नको, जहीरा तेवढी ठेवू, असं दादाने ठरवलं आणि खालिदला निरोप दिला. तर जहीराही त्याच्याबरोबर चालती झाली. आम्ही दोघं स्क्रीनकडे बघतच राहिलो. दारात शेंगा सोलत बसलेली आत्या म्हणाली, “मग! नवऱ्याला हाकलल्यावर ती काय तुमच्या भाकऱ्या भाजत बसेल?”

पुढे नॅशकेल नावाच्या खाणीच्या गावात दोन माणसं भेटतात. मिन्स्क हा धिप्पाड, जरा डोक्यावर परिणाम झालेला योद्धा. त्याच्याजवळ बू नावाचा हॅम्स्टर, म्हणजे उंदराच्या जातीतला इवलासा प्राणी. हा बू साधा नसून अंतराळातला महाकाय हॅम्स्टर आहे, फक्त आकाराने लहान, असं मिन्स्कचं ठाम मत. त्याच्या सामानातून बूला काढताही येत नाही. मिन्स्कला आपली मालकीण डायनाहेर हिला सोडवायचं असतं. त्याच गावात एडविन नावाचा लाल झग्यातला जादूगार सांगतो, डायनाहेरला मारा. दोघांना हो म्हणून भागत नाही. आम्ही मिन्स्कला हो म्हटलं आणि मग इकडेतिकडे हिंडत बसलो. बरेच दिवस वाट पाहून त्याचं डोकं फिरलं आणि तो आमच्याच अंगावर धावून आला.

आता थोडं गणित, कंटाळू नका. खेळाचे नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकेतल्या खेळाचे. तो 1974 साली निघाला. टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा. कॉम्प्युटरने फासे पोटात घेतले, एवढाच फरक. प्रत्येक वाराला वीस बाजूंचा फासा पडतो. नवखा योद्धा साधारण चिलखत घातलेल्या शत्रूवर, म्हणजे चिलखताचा आकडा पाच असेल तर, वार करतो तेव्हा त्याला पंधरा किंवा जास्त पडावे लागतात. म्हणजे वीसपैकी सहा वेळा वार लागणार आणि चौदा वेळा हवेत. चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत भक्कम, हा उफराटा हिशेब समजायला आम्हाला आठवडा लागला. तोवर दादा माऊसला दोष देत होता.

जादूगाराची तर कथाच निराळी. योद्ध्याच्या जिवाचा, म्हणजे तो किती मार सोसेल हे ठरवणारा फासा दहा बाजूंचा, जादूगाराचा चार बाजूंचा. सुरुवातीला एखाद-दुसरा मंत्र टाकला की तो रिकामा. आठ तास झोपल्याशिवाय पुन्हा मंत्र नाही, आणि रानात झोपावं तर मध्यरात्री लांडगे. पण झोपेचा मंत्र ऐन वेळी पडला की समोरची सगळी फौज आडवी. म्हणून त्या काडीपैलवानाला मधोमध ठेवायचं, पुढे चिलखतवाले, मागे तिरंदाज. हे सगळं मोकळ्या माळावर छान जमतं.

खाणीत नाही. नॅशकेलच्या खाणीतलं लोखंड ठिसूळ निघत असतं. कोबोल्ड नावाचे बुटके प्राणी खनिजावर कसलंसं द्रव ओतून ते नासवत असतात. त्यामुळे मुलखातली हत्यारं मोडतात, आणि ऐन लढाईत तुमच्याही हातातली तलवार मोडते. कथेतलं संकट थेट आपल्या मुठीत येतं, हे मला आजही फार हुशारीचं वाटतं. पण बोगदे अरुंद. सहा जणांना ‘तिकडे चला’ सांगितलं की दोघे जायचे, दोघे एकमेकांना अडून उभे राहायचे, खालिद भलत्याच वाटेने निघायचा आणि चार बाजूंच्या फाशाचा आमचा जादूगार नेमका सगळ्यांच्या पुढे! शेवटी एकेकाला हाताला धरून न्यावं तसं नेलं. खाणीच्या तळाशी मुलाही नावाचा धर्मगुरू असतो, तो चौथ्या प्रयत्नात पडला. दादाने दोन्ही हात वर केले आणि लाइट गेली. भारनियमनाचे दिवस. खेळ सेव्ह केलेला नव्हता. आत्याने कंदील लावला आणि आम्हाला उरलेल्या शेंगा सोलायला बसवलं.

पंचवीसेक सोबती या खेळात भेटतात आणि घ्यायचे पाच. चांगुलपणा फार वाढला तर दुष्ट सोबती कुरकुर करत निघून जातात, कमी झाला तर सज्जन. अनुभवाचे गुणही सगळ्यांत वाटले जातात. म्हणजे माणसं कमी तर वाढ लवकर. दादाने पुढच्या सुट्टीत एकट्यानेच खेळून पाहिलं. नायक भराभर बलवान झाला, पण दोन दिवसांत दादा कंटाळला. भांडायलाच कुणी नव्हतं.

2023च्या ऑगस्टमध्ये याचा तिसरा भाग आला. तो केला बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने. आता एका वेळी चारच जण, बाकीचे तळावर थांबतात. लढाई पाळीपाळीने होते, त्यामुळे कुणी ओरडून वेळ थांबवायला नको. त्यात स्पेसबार दाबला की आपली पाळी संपते. मी सवयीने दाबला आणि पहिलीच लढाई हरले.

दादा आता पुण्यात असतो. कथेत मधे शंभराहून जास्त वर्षं गेलेली आहेत, तेव्हा आपलं जुनं कुणी भेटेल असं मला वाटलं नव्हतं. एका रविवारी रात्री साडेअकराला त्याचा फोन आला.

“जहीरा भेटली,” तो म्हणाला. “केस पिकलेत. खमकी तशीच आहे.”

“आणि मिन्स्क?”

“आहे ना. पुढे शहरात भेटतो म्हणे.”

“आणि...”

“अगं हो, हॅम्स्टरसकट.”